पॅट गॅरेटचं रिव्हॉल्व्हर आणि ते परत मिळवणारी अपोलिनारिया



थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आपल्या मंडळातली चार कुटुंबं दोन व्हॅन करून टेक्सासहून न्यू मेक्सिकोला जाऊन आलो. व्हाइट सॅण्ड्सची पांढरी शुभ्र वाळू बघायची, मुलांना तिच्यावरून मनसोक्त घसरू द्यायचं, सोबत नेलेल्या दशम्या-चटणीवर ताव मारायचा आणि परत यायचं, एवढाच बेत होता. मुक्काम जवळच्या लास क्रूसेस गावात होता. परतीच्या दिवशी सकाळी थोडा वेळ हाताशी होता, म्हणून आम्ही तिथल्या मेसॉनिक स्मशानभूमीत एक थडगं बघायला गेलो. साधासा दगड आणि त्यावर गॅरेट हे आडनाव. ना गर्दी, ना तिकीट, ना भेटवस्तूंचं दुकान.

हा पॅट गॅरेट म्हणजे बिली द किडला मारणारा शेरीफ. बिलीचं नाव आपल्या मुलांनाही सिनेमांमुळे ठाऊक असतं. त्याचं थडगं फोर्ट समनरला आहे आणि त्याचा दगड दोनदा चोरीला गेल्यामुळे आता ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवलंय. गॅरेटच्या दगडाची चोरी करावी असं कोणाला वाटलेलं नाही. आमच्यातल्या एका मुलाने फोनवर शोधून सांगितलं, की ज्या रिव्हॉल्व्हरने गॅरेटने बिलीला मारलं ते २०२१ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेलं. दगडासमोर उभे असलेले आम्ही सगळे गप्प झालो. कारण हा माणूस मेला तेव्हा कर्जात बुडालेला होता, एवढं आम्हाला माहीत होतं.

मग गाडीत परतीच्या वाटेवर चर्चा सुरू झाली ती घरी पोचेपर्यंत संपली नाही. लोखंडाच्या एका तुकड्याची एवढी किंमत कशी होते? आणि हे तेच रिव्हॉल्व्हर, हे कशावरून? घरी आल्यावर जमेल तेवढं वाचून काढलं. ते आपल्या सगळ्यांसमोर मांडावं म्हणून हा लेखनप्रपंच.

लुईझियानातून पश्चिमेला

पॅट्रिक फ्लॉइड गॅरेटचा जन्म ५ जून १८५० चा, अलाबामा राज्यातला. तो लहान असतानाच कुटुंब लुईझियानात आलं. वडिलांची तिथे कापसाची मोठी शेती होती. पण यादवी युद्धाने दक्षिणेतल्या अशा घराण्यांची जी वाताहत केली, तीच याही घराची झाली. १८६७ मध्ये आई गेली, पुढच्याच वर्षी वडील गेले आणि मागे उरलं ते मुख्यतः कर्ज. १८६९ च्या जानेवारीत, वयाची एकोणीस वर्षंही पुरी झाली नसताना, हा मुलगा घोड्यावर बसून टेक्सासकडे निघाला. घर सोडून दूर जाऊन नशीब काढायचं, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

टेक्सासात त्याने गुरं राखली, मग म्हशींची (इथल्या जंगली बायसनची) शिकार करणाऱ्यांत तो सामील झाला. १८७६ मध्ये शिकारीच्या तळावर एका सोबत्याशी भांडण झालं आणि गॅरेटच्या हातून तो मारला गेला. गॅरेट स्वतःहून फोर्ट ग्रिफिनला जाऊन हजर झाला, पण त्याच्यावर खटला भरला गेला नाही. १८७८ मध्ये तो न्यू मेक्सिकोत पेकोस नदीकाठच्या फोर्ट समनर या वस्तीत पोचला. जुना लष्करी तळ लष्कराने सोडल्यावर मॅक्सवेल कुटुंबाने विकत घेतला होता आणि तिथे स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांची वस्ती होती. सव्वासहा फुटांहून उंच असलेल्या या गोऱ्या माणसाला त्यांनी हुआन लार्गो, म्हणजे लांबडा हुआन, असं नाव दिलं.

इथेच त्याचं लग्न झालं. पहिली बायको लवकरच वारली. त्यानंतर १४ जानेवारी १८८० रोजी त्याने अपोलिनारिया गुतिएरेस हिच्याशी लग्न केलं. हे नाव लक्षात ठेवा मंडळी, कारण आपल्या गोष्टीचा शेवट तिच्याच हातात आहे.

रिव्हॉल्व्हर गॅरेटकडे कसं आलं

आता जरा वस्तूबद्दल. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्याने १८७३ मध्ये सिंगल ॲक्शन आर्मी नावाचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. काही वर्षांनी त्याचीच एक आवृत्ती .४४-४० या काडतुसाची निघाली. विंचेस्टर कंपनीच्या १८७३ च्या रायफलला हेच काडतूस चालायचं. त्यामुळे कमरेच्या रिव्हॉल्व्हरला आणि खोगिराच्या रायफलला एकच गोळी पुरायची. दुकानापासून शंभर मैलांवर राहणाऱ्या माणसाला ही केवढी सोय! कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगावर क्रमांक ठोकलेला असायचा. आपल्या गोष्टीतल्या रिव्हॉल्व्हरचा क्रमांक ५५०९३. ते १८८० च्या सुमाराचं.

त्या काळी न्यू मेक्सिको हे राज्य नव्हतं, प्रदेश होता. त्याच्या लिंकन परगण्यात १८७८ मध्ये व्यापाऱ्यांच्या दोन टोळ्यांमध्ये रक्तपात झाला होता. त्यातून उरलेल्या तरुणांपैकी बिली द किड हा एक. गुरं चोरणं हा त्याचा धंदा झाला होता. नोव्हेंबर १८८० मध्ये गॅरेट लिंकन परगण्याच्या शेरीफपदासाठी उभा राहिला आणि ३२० विरुद्ध १७९ मतांनी निवडून आला. आपल्याला मुंबईचे शेरीफ माहीत होते ते मानाचं पद म्हणून. इथला शेरीफ मात्र लोकांनी निवडलेला, गुन्हेगार पकडणारा आणि करही गोळा करणारा कामाचा माणूस. गव्हर्नर ल्यू वॉलेस यांनी, म्हणजे बेन-हर कादंबरीच्या लेखकानेच, बिलीवर ५०० डॉलरचं इनाम लावलं होतं.

शेरीफपदाची सूत्रं १ जानेवारीला हाती यायची होती, पण गॅरेट त्याआधीच कामाला लागला. डिसेंबरच्या बर्फात त्याने स्टिंकिंग स्प्रिंग्ज नावाच्या जागी एका दगडी खोपटाला वेढा घातला. आत बिली आणि त्याचे साथीदार होते. पहाटे बाहेर आलेला चार्ली बाउड्र हाच बिली, असं समजून त्याला गोळी घातली गेली. उरलेले आत उपाशी बसले. दिवसभराने गॅरेटच्या माणसांनी बाहेर चूल पेटवून मांस भाजायला घेतलं, त्याचा वास आत गेला आणि सगळे शरण आले. तारीख होती २३ डिसेंबर १८८०.

शरण आलेल्यांपैकी एकाचं नाव बिली विल्सन. त्याच्याकडून गॅरेटने दोन वस्तू काढून घेतल्या: एक विंचेस्टर रायफल आणि एक कोल्ट रिव्हॉल्व्हर, क्रमांक ५५०९३. त्याला ते आवडलं असावं, कारण पुढे तो तेच वापरू लागला. म्हणजे या रिव्हॉल्व्हरचा पहिला ठाऊक असलेला मालक हा एक पकडलेला फरारी आणि दुसरा त्याला पकडणारा.

विल्सनचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. खोट्या नोटा खपवल्याच्या आरोपावरून तो अडकला, निसटला आणि टेक्सासात अँडरसन हे नाव घेऊन सरळमार्गी आयुष्य जगू लागला. १८९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी त्याला माफी दिली. ती मिळावी म्हणून खटपट करणाऱ्यांमध्ये खुद्द गॅरेट होता. हा विल्सन पुढे स्वतः शेरीफ झाला आणि १९१८ मध्ये कर्तव्यावर असताना मारला गेला.

१४ जुलै १८८१

बिलीवर एप्रिल १८८१ मध्ये मेसिया इथे खटला चालला आणि फाशीची शिक्षा झाली. त्याला लिंकनला आणून ठेवलं होतं. २८ एप्रिलला, गॅरेट कामानिमित्त परगावी गेला असताना, बिलीने दोन पहारेकऱ्यांना ठार मारून पळ काढला. सगळ्यांना वाटलं तो मेक्सिकोला जाईल. तो गेला फोर्ट समनरला, आपल्या माणसांत.

१४ जुलैच्या रात्री गॅरेट दोन साहाय्यकांना घेऊन तिथे पोचला. साहाय्यक बाहेर ओसरीवर थांबले आणि गॅरेट पीट मॅक्सवेलच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसला. बिलीबद्दल काही कळतं का, हे विचारायला. तेवढ्यात एक माणूस आत आला. बाहेर अनोळखी माणसं दिसल्याने तो मागे वळून बघत होता, आणि आत कोण आहे हे त्याने स्पॅनिशमध्ये विचारलं. आवाज ओळखीचा होता. गॅरेटने दोनदा चाप दाबला. पहिली गोळी बिलीच्या छातीत लागली, दुसरी फुकट गेली. काळ्या दारूच्या धुराने खोली भरून गेली. बिलीचं वय साधारण एकवीस. सकाळी त्याला तिथेच पुरलं.

बिलीच्या हातात त्या वेळी सुरी होती की पिस्तूलही होतं, हा वाद तेव्हापासून चालू आहे. अंधारात, इशारा न देता मारलं, असं बोलणारे लोक गॅरेटला आयुष्यभर भेटत राहिले. इनामाचे ५०० डॉलरही सुखासुखी मिळाले नाहीत. हंगामी गव्हर्नरांनी नकार दिला आणि १८८२ मध्ये विधिमंडळाने कायदा केला तेव्हा कुठे ते हातात पडले. त्याच वर्षी गॅरेटने ॲश अपसन या पत्रकाराच्या मदतीने बिलीचं चरित्र छापलं. ते फारसं खपलं नाही. आज मात्र त्या पहिल्या आवृत्तीसाठी संग्राहक मोठी किंमत मोजतात.

घर फिरलं की वासेही फिरतात

एवढं नाव झालेल्या माणसाचं पुढचं आयुष्य सुखाचं जाईल असं वाटतं ना? तसं झालं नाही.

रॉसवेलजवळ त्याने शेती घेतली. पेकोस नदीचं पाणी पाटांनी कोरड्या जमिनीवर न्यायची कल्पना त्याने मांडली आणि त्यासाठी भागीदार जमवले. पण बडे भांडवलदार आल्यावर त्याला बाजूला सारलं गेलं. पाट झाले, खोरं हिरवं झालं, फायदा दुसऱ्यांचा झाला. १८९० मध्ये नव्या चावेस परगण्याच्या शेरीफपदाची निवडणूक तो हरला आणि बाडबिस्तरा घेऊन टेक्सासातल्या युवाल्डीला गेला.

१८९६ मध्ये त्याला परत बोलावणं आलं. त्या वर्षी १ फेब्रुवारीला वकील अल्बर्ट फाउंटन आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा हेन्री, घोडागाडीतून घरी येताना व्हाइट सॅण्ड्सजवळ नाहीसे झाले. जिथे आपली मुलं घसरगुंडी खेळत होती, तिथूनच थोड्या अंतरावर. गाडी सापडली, रक्त सापडलं, देह आजवर सापडले नाहीत. गॅरेटला डोन्या आना परगण्याचा शेरीफ करून तपास त्याच्याकडे दिला गेला. त्याने संशयित पकडण्यासाठी जंगजंग पछाडलं, त्यात त्याचा एक साहाय्यक प्राणाला मुकला. पण १८९९ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

१९०१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याची एल पासोच्या जकात अधिकारीपदी नेमणूक केली. पगार चांगला, हुद्दा मोठा. इथे त्याची दोस्ती झाली टॉम पॉवर्सशी. पॉवर्सचा कोनी आयलंड नावाचा सलून होता. सलून म्हणजे आपलं केशकर्तनालय नव्हे बरं का, दारूचा आणि जुगाराचा अड्डा! पॉवर्सला प्रसिद्ध माणसांच्या बंदुका जमवून भिंतीवर मांडायचा नाद होता. लोक त्या बघायला येत आणि बसून पीत. मित्राच्या शब्दाखातर गॅरेटने आपलं रिव्हॉल्व्हर, क्रमांक ५५०९३, तिथे मांडायला दिलं.

हीच दोस्ती त्याला महाग पडली. एप्रिल १९०५ मध्ये सॅन अँटोनियोला रूझवेल्टच्या जुन्या लष्करी साथीदारांचा मेळावा होता. गॅरेट पॉवर्सला बरोबर घेऊन गेला आणि गुरांचा मोठा व्यापारी अशी त्याची ओळख राष्ट्राध्यक्षांशी करून दिली. सगळ्यांचा एकत्र फोटोही निघाला. पुढे रूझवेल्टना कळलं की आपण एका जुगारअड्ड्याच्या मालकाबरोबर फोटो काढलाय. गॅरेटची मुदत संपल्यावर त्याची पुन्हा नेमणूक झाली नाही.

मग उरली ती सॅन आंद्रेस डोंगरातली कोरडी जमीन, थकलेले कर आणि दारात येणारे सावकार. त्यातली काही जमीन त्याने वेन ब्रेझेल नावाच्या तरुणाला भाड्याने दिली. तो गाई आणील असं गॅरेट समजत होता, त्याने शेळ्या आणल्या. शेळ्या चरल्या की गुरांना गवत उरत नाही, म्हणून गुरंवाल्यांचा त्यांच्यावर राग. भांडण पेटलं. २९ फेब्रुवारी १९०८ रोजी लास क्रूसेसला येताना वाटेत गॅरेट गाडीतून खाली उतरला असता त्याच्या डोक्यात मागून गोळी लागली, नंतर आणखी एक. ब्रेझेलने गुन्हा कबूल केला आणि आपण स्वसंरक्षणासाठी मारलं असं सांगितलं. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्याला सोडून दिलं. मागून गोळी घातल्यावर स्वसंरक्षण कसं, हा प्रश्न आम्हालाच नव्हे, सव्वाशे वर्षं अनेकांना पडलेला आहे.

तो इतका उंच होता की त्याच्या मापाची शवपेटी गावात मिळाली नाही, एल पासोहून मागवावी लागली.

दिलं होतं की उसनं?

अपोलिनारिया विधवा झाली तेव्हा तिचं वय साधारण सत्तेचाळीस. पदरी मुलं, त्यातलं धाकटं अजून अगदी लहान. नवऱ्याच्या मागे जमिनीवर कर्ज. मुलगी एलिझाबेथ लहानपणापासून दृष्टिहीन होती. ती ऑस्टिनच्या अंधशाळेत संगीत शिकली, आणि १९१७ मध्ये तिने रचलेलं गाणं न्यू मेक्सिकोचं राज्यगीत झालं. वडिलांनी बंदुकीने जे नाव कमावलं त्याहून वेगळं आणि टिकाऊ नाव त्या मुलीने कमावलं, असं आम्हाला वाटतं.

या सगळ्या वर्षांत रिव्हॉल्व्हर मात्र पॉवर्सच्याच संग्रहात होतं. १९३० च्या दशकाच्या आरंभी पॉवर्स वारला आणि त्याच्या मालमत्तेच्या यादीत ते आलं. आता ते वारसांकडे किंवा विक्रीला जाणार, हे उघड होतं. तेव्हा सत्तरी ओलांडलेली ही स्पॅनिश घरातली म्हातारी कोर्टात उभी राहिली. तिचं म्हणणं सरळ होतं: माझ्या नवऱ्याने ते मित्राला बक्षीस दिलं नव्हतं, मांडून ठेवायला उसनं दिलं होतं. उसनी वस्तू मालकाची असते आणि मालकानंतर त्याच्या घरच्यांची.

विचार करा मंडळी. ज्याने दिलं तो मेलेला, ज्याने घेतलं तोही मेलेला, मधे पंचवीस-तीस वर्षं गेलेली. दोन मित्रांमधला व्यवहार तोंडी. आपल्याकडे शेजारी दिलेला पितळेचा हंडा किंवा चुलतभावाकडे ठेवलेली तपकिरी रंगाची जुनी पेटी आठवा. दहा वर्षांनी मागायला गेलं तर कोण परत देतो? आणि तेवढ्यासाठी कोर्टात कोण जातं? बहुतेक जण जाऊ दे म्हणतात. अपोलिनारियाने जाऊ दे म्हटलं नाही. प्रकरण अपिलात गेलं आणि १९३४ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. रिव्हॉल्व्हर गॅरेट कुटुंबाकडे परत आलं.

ते तिच्याजवळ फार दिवस राहिलं नाही. १९३६ मध्ये ती वारली. नंतर ते मुलाकडे गेलं. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते कुटुंबाबाहेर विकलं गेलं आणि अखेरीस टेक्सासातल्या एका अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांच्या संग्रहात पोचलं. या गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीने आयुष्यभर पश्चिमेच्या इतिहासातल्या वस्तू जमवल्या होत्या. प्राध्यापक २०१९ मध्ये गेले. २७ ऑगस्ट २०२१ रोजी बॉनहॅम्सने लॉस एंजेलिसमध्ये संग्रहाचा लिलाव केला. या रिव्हॉल्व्हरचा अंदाज होता वीस ते तीस लाख डॉलर. बोली थांबली तेव्हा खर्चासकट आकडा झाला ६० लाख ३० हजार डॉलर. तोपर्यंत जगात कुठल्याही बंदुकीला लिलावात एवढे पैसे मिळाले नव्हते. घेणाऱ्याचं नाव गुप्त राहिलं.

किंमत कशाची?

जुन्या बंदुकांच्या बाजारात फसवणूक चिकार चालते. बिलीची किंवा गॅरेटची म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बंदुका कमी नाहीत. क्रमांक घासून दुसरा ठोकतात, गंज मुद्दाम चढवतात, आजोबांच्या नावावर गोष्ट रचतात. म्हणून जाणकार माणूस आधी क्रमांक बघतो. कोल्ट कंपनीच्या जुन्या नोंदवह्या आहेत. क्रमांक कळवून शुल्क भरलं तर तो नग कधी आणि कुठे पाठवला गेला याचं पत्र मिळू शकतं. (१८६४ मध्ये कारखान्याला आग लागली होती, त्यामुळे त्याआधीच्या बऱ्याच नोंदी जळल्या.) पण हे पत्र फक्त जन्मदाखला. त्यानंतर वस्तू कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली ही साखळी दाखवावी लागते, आणि साखळीतली एक कडी जरी निसटली तरी भाव कोसळतो. त्याच वर्षांचं, त्याच बनावटीचं, पण गोष्ट नसलेलं कोल्ट काही हजार डॉलरांत मिळतं.

क्रमांक ५५०९३ ची साखळी बघा: विल्सन, गॅरेट, पॉवर्स, अपोलिनारिया, मुलगा, संग्राहक. यातली सगळ्यात नाजूक कडी म्हणजे सलूनमधली वर्षं. तिथेच ही वस्तू इतर बंदुकांच्या गर्दीत हरवली असती, कोणा अनोळखी माणसाच्या हाती विकली गेली असती आणि पुढे कोणीही छातीठोकपणे सांगू शकलं नसतं की हेच ते. ती कडी पक्की केली कोर्टाच्या निकालाने. दोन्ही बाजूंचे वकील समोर असताना न्यायाधीशांनी सांगितलं की ही वस्तू गॅरेटची, त्याच्या बायकोला द्या. याहून चांगला पुरावा कुठला?

म्हणजे लोक म्हणतात तसं हे गॅरेटच्या एका रात्रीच्या नेमबाजीचे साठ लाख आहेतच. पण आमच्या मते त्यात एका म्हातारीच्या चिकाटीचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. तिला त्यातला छदामही मिळाला नाही. तिला पैसे हवे होते की नवऱ्याची आठवण हवी होती, हे तिचं तिला ठाऊक. तिने आपलं ते आपलं म्हणून सोडलं नाही, एवढं खरं.

परतीच्या वाटेवर आमच्या व्हॅनमध्ये एकेकजण आपापल्या घरातल्या वस्तू आठवत होता. पणजीची नथ, आजोबांचा तंबोरा, देवघरातला लंगडा बाळकृष्ण. सातासमुद्रापार आपण त्या जपून आणल्या, पण त्या कोणाच्या, कुठून आल्या, आपल्या हाती कशा आल्या, हे आपल्या मुलांना सांगितलंय का? त्यांची किंमत डॉलरमध्ये कोणी करणार नाही, करूही नये. पण आपण गेल्यावर मुलांच्या हाती नुसतं पितळ उरायला नको.

तेव्हा आमची एक विनंती. पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा, वही-पेन्सिल घ्या आणि एका तरी वस्तूची साखळी लिहून काढा. उसनी दिलेली किंवा घेतलेली असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा! आपल्या मंडळाच्या पुढच्या अंकांत अशा नोंदी छापायला आम्हाला मनापासून आवडेल. फोटो पाठवलात तर उत्तमच.

आणि कधी लास क्रूसेसला गेलात तर दहा मिनिटं काढून त्या साध्या दगडापाशी जरूर जा. दगडावर गॅरेट एवढंच आडनाव आहे. ते वाचताना अपोलिनारियालाही आठवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपलेच,
सहलीतली चार कुटुंबं